कॉपी नेमकी कुणी कुणाची केली?

"कॉपी" हा शब्द आपल्याकडं फार पटकन तोंडात येतो, आणि बऱ्याचदा ज्याच्यावर तो फेकला जातो त्यानं कुणाचं काही चोरलेलंच नसतं. गेमच्या बाबतीत हे मी सारखं बघतो. माझ्या कॉम्प्युटर क्लासमध्ये मुलांना प्रोग्रामिंगची गोडी लागावी म्हणून मी लुआंटी हा गेम वापरतो. ठोकळे फोडायचे, ठोकळे रचायचे, स्वतःचं जग उभं करायचं. आधी याचं नाव माइनटेस्ट होतं, ऑक्टोबर २०२४ मध्ये ते बदललं. मुक्त सोर्सचा आहे, फुकट आहे, कोड उघडून बघता येतो. पालक मागं उभे राहून स्क्रीन बघतात आणि म्हणतात, "सर, ही तर माइनक्राफ्टची कॉपी आहे की." शहरातल्या एका शाळेच्या लॅबमध्ये हा बसवायचं बोलणं बरंच पुढं गेलं होतं. शेवटच्या बैठकीत कुणीतरी म्हणालं, नकली काही नको, ओरिजनल परवडेल तेव्हा घेऊ. विषय तिथंच संपला. पोरांच्या हातात काहीच आलं नाही.

म्हणून जरा सविस्तर लिहितोय. माझं म्हणणं असं: ठोकळ्यांच्या या दुनियेत बंद गेमनं, म्हणजे ज्याचा कोड कंपनी खुला करत नाही त्यानं, मुक्त गेमकडून आणि मुक्त गेमनं बंद गेमकडून भरपूर घेतलंय. तसं घेतल्यामुळंच हे गेम इतके चांगले झालेत. मात्र घेतल्याचा डाग फक्त मुक्तवाल्यांना लागतो, आणि हा अन्याय आहे.

सुरुवात "ओरिजनल"पासूनच करू. माइनक्राफ्ट पहिल्यांदा लोकांपुढं आला मे २००९ मध्ये. त्याच्या जेमतेम महिनाभर आधी, एप्रिल २००९ मध्ये, झॅक बार्थ या अमेरिकन माणसाचा इन्फिनीमायनर आला होता. जग ठोकळ्यांचं, जमीन खणायची, खणलेल्यातून बांधायचं. बार्थनं तो दोन संघांच्या स्पर्धेसाठी केला होता, पण खेळणारे स्पर्धा सोडून बांधकामातच रमले. थोड्याच दिवसांत लोकांनी त्याचा कोड उलगडून काढला, ज्याच्या-त्याच्या बदललेल्या आवृत्त्या फिरायला लागल्या आणि बार्थनं पुढं सोर्स खुलाच करून टाकला. स्वीडनचा मार्कुस पर्सन, ज्याला सगळे नॉच म्हणतात, त्यानं इन्फिनीमायनर पाहिला आणि आपल्या हातातल्या प्रयोगाला तसं ठोकळ्यांचं रूप दिलं. त्यानं हे कधी लपवलं नाही. ड्वार्फ फोर्ट्रेस आणि डंजन कीपर या आधीच्या गेमचंही ऋण त्यानं मान्य केलंय. बार्थनंही कधी गळा काढला नाही, उलट कल्पना उसन्या घेणं हा निर्मितीचाच भाग आहे असं तो म्हणाला. आज माइनक्राफ्टच्या ३० कोटींहून जास्त प्रती खपल्यात. मायक्रोसॉफ्टनं २०१४ मध्ये मोजांग ही माइनक्राफ्टची कंपनी अडीच अब्ज डॉलरला घेतली. म्हणजे जगातला सगळ्यात जास्त खपलेला गेम एका उसन्या कल्पनेवर उभा आहे. त्याला कुणी नकली म्हणत नाही, आणि म्हणूही नये. नॉचनं त्यात स्वतःचं इतकं घातलं की तो त्याचाच झाला.

आता जरा खोल जाऊ. माइनक्राफ्टची जावा आवृत्ती ज्या पायावर उभी आहे त्यात एलडब्ल्यूजेजीएल ही मुक्त सोर्स लायब्ररी आहे. तीच ग्राफिक्स आणि आवाजाशी बोलते. नेटवर्कसाठी नेट्टी आहे, तीही मुक्त. ही नुसती कल्पनेची उसनवारी नव्हे, हा प्रत्यक्ष कोड आहे, परवानगीनं आणि नियमानं घेतलेला. यात काही गैर नाही, तो कोड त्यासाठीच खुला ठेवलाय. मला फक्त एवढंच दाखवायचंय की "ते ओरिजनल, हे फुकटचं" अशी सरळ रेघ कुठंच मारता येत नाही.

आणि मॉडवाल्यांचं काय? मॉड म्हणजे खेळणाऱ्यांनीच गेममध्ये घातलेली भर. हिप्पोप्लॅटिमस अशा टोपणनावाच्या एका मॉडरनं पिस्टनचा मॉड केला होता, ठोकळे ढकलणारा दट्ट्या. २०११ मध्ये बीटा १.७ मधून पिस्टन थेट मूळ गेममध्ये आला. आज यूट्यूबवर रेडस्टोनची, म्हणजे गेममधल्या विजेसारख्या जोडणीची, जी यंत्रं बघून पोरं तोंडात बोट घालतात, त्यातली निम्मी पिस्टनशिवाय हलणारच नाहीत. घोडे २०१३ च्या १.६ मध्ये आले, मो क्रीचर्स हा प्राण्यांचा मॉड करणाऱ्याच्या मदतीनं. एथर या गाजलेल्या मॉडमागचा माणूस पुढं मोजांगमध्येच लागला, आणि अंधारात आवाजाच्या मागावर येणारा वॉर्डन, ज्याला माझ्या क्लासमधली धीट पोरंसुद्धा टरकतात, तो त्यानं घडवलाय. भाषांतरंसुद्धा मोठ्या प्रमाणात हौशी लोकच करतात.

मोजांगला इथं शाबासकी द्यायला हवी. त्यांनी नाव घेतलं, कामावर घेतलं, आणि काही परतही केलं. गेममधल्या कमांड समजून घेणारी ब्रिगेडियर ही लायब्ररी त्यांनी २०१८ मध्ये एमआयटी या मुक्त लायसन्सखाली खुली केली. कोडमधली नावं ते पूर्वी मुद्दाम गोंधळून ठेवायचे, त्यांची खरी यादी २०१९ पासून स्वतःच द्यायला लागले, आणि २०२५ मध्ये तर हे झाकणंच काढून टाकणार असं जाहीर केलं. गेम बंदच आहे, पण खिडक्या एकेक करून उघडतायत. मॉड करणाऱ्यांनी इतकी वर्षं दार ठोठावलं नसतं तर हे झालं असतं असं मला वाटत नाही.

आता लुआंटीकडं. फिनलंडच्या पेर्ट्टू आहोला यानं ऑक्टोबर २०१० मध्ये तो लिहायला घेतला, माइनक्राफ्ट पाहूनच. इथं कुणी काही लपवत नाही. पण त्यानं आणि नंतरच्या लोकांनी केलं काय, ते बघा. इंजिन सी प्लस प्लसमध्ये लिहिलं आणि गेमचे सगळे नियम लुआ या सोप्या भाषेत बाहेर काढून ठेवले. दगड म्हणजे काय, तो किती जोरात फोडायचा, फोडल्यावर काय मिळतं, हे सगळं साध्या मजकुराच्या फाइलमध्ये असतं आणि कुणीही बदलू शकतं. खरं तर लुआंटी हा एक गेम नाहीच, ठोकळ्यांचे गेम बनवायचं ते इंजिन आहे. आतूनच कंटेंटडीबी उघडायचं आणि हजारांहून जास्त गेम, मॉड, चित्रांचे संच यातून हवं ते उतरवून घ्यायचं. सर्व्हरवर गेलात तर त्या सर्व्हरच्या वस्तू आणि चित्रं आपोआप येतात, खेळणाऱ्याला वेगळं काही बसवावं लागत नाही. जग वर आणि खाली जवळजवळ ३१-३१ हजार ठोकळे जातं. माइनक्राफ्टचं सगळं जग, २०२१ च्या मोठ्या बदलानंतरसुद्धा, उंचीला ३८४ ठोकळे आहे. नुसती नक्कल करणारा असला घाट घालतो का?

लुआंटीवर माइनक्राफ्टसारखाच अनुभव देणारा व्हॉक्सेलिब्रे नावाचा गेम आहे, आधीचा माइनक्लोन टू. इथं "कॉपी" म्हणणाऱ्यांना वाटेल, सापडला चोर! तर त्याची गोष्ट ऐका. त्याची चित्रं पिक्सेल परफेक्शन या संचावर आधारलेली आहेत. हा संच एका चाहत्यानं माइनक्राफ्टसाठी काढला होता आणि मुक्त लायसन्सखाली दिला होता. म्हणजे बंद गेमवरच्या प्रेमापोटी झालेलं काम आज मुक्त गेममध्ये नांदतंय, कर्त्याच्या परवानगीनं आणि त्याच्या नावासकट. मोजांगचं एकही चित्र उचललेलं नाही. तारांची आणि स्विचांची रेडस्टोनसारखी व्यवस्था देणारा मेसेकॉन्स हा मॉडही तसाच: कल्पना तिकडची, कोड पूर्ण स्वतःचा. आणि त्यात वर एक असा ठोकळा आहे ज्याच्या आत चक्क लुआ प्रोग्राम लिहिता येतो.

ही देवाणघेवाण दोघांपुरती थांबत नाही. माइनक्राफ्टवर बिल्डक्राफ्ट आणि इंडस्ट्रियलक्राफ्ट हे कारखाने उभारायचे मॉड आले. ते बघून चेक प्रजासत्ताकात फॅक्टोरिओ जन्मला, बंद आणि विकत घ्यायचा. पट्ट्यांवरून माल पळवायच्या त्याच धर्तीवर मिंडस्ट्री आला, पूर्ण मुक्त सोर्सचा. तो स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात पैसे देऊन मिळतो आणि बाहेर फुकटही मिळतो, आणि लोक खुशीनं विकत घेतात. शेपेझ या तसल्याच गेमचा पहिला भाग मुक्त सोर्स होता, दुसरा २०२४ मध्ये आला तो बंद. आणि फॅक्टोरिओनं आपल्या विस्तारासाठी कुणाला बोलावलं, तर अवकाशाचा मोठा मॉड करणाऱ्यालाच. रोब्लॉक्स या गेम बनवायच्या आणि खेळायच्या प्लॅटफॉर्मचं घ्या. ब्राझीलमध्ये १९९३ मध्ये जन्मलेली लुआ त्यांनी घेतली, तिच्यावर काम करून लुआउ केली आणि २०२१ मध्ये ती परत खुली करून टाकली. पैसेवाल्या कंपनीनं असंच वागावं.

आता कायद्याचं, कारण शाळेच्या बैठकीत "कायदेशीर भानगड नको" असंही ऐकलं. कल्पनेवर कॉपीराइट नसतो, ती ज्या रूपात मांडली त्या रूपावर असतो. आपल्या सर्वोच्च न्यायालयानं १९७८ मध्येच एका नाटक-सिनेमाच्या खटल्यात हे स्वच्छ सांगितलंय. पेटंटचं म्हणाल तर आपल्या १९७० च्या पेटंट कायद्यात कलम ३(एम) आहे: खेळ खेळायच्या पद्धतीला पेटंट मिळत नाही. अमेरिकेत गोष्ट जरा वेगळी आहे. तिथं शत्रू आपल्याला लक्षात ठेवतात आणि बढती मिळवतात या गेममधल्या योजनेवर वॉर्नर ब्रदर्सला २०२१ मध्ये पेटंट मिळालं. मला हे मनापासून चुकीचं वाटतं. बार्थनं "ठोकळे खणणे आणि रचणे" यावर पेटंट घेतलं असतं तर आज ना माइनक्राफ्ट असता, ना लुआंटी. पण रूप उचललंत तर मात्र कोर्ट सोडत नाही, आणि सोडू नये. २०१२ मध्ये टेट्रिसच्या खटल्यात ज्यांनी नियमांबरोबर दिसणंही जसंच्या तसं घेतलं होतं, ते हरले.

सोलापूरच्या माणसाला हा फरक समजवायला लागू नये. आपल्या चादरीवरच्या कोयऱ्या, मोर, वेली काय आपल्याच बापाच्या आहेत? तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी हात आणला, नक्षी विणायचं जॅकार्ड यंत्र फ्रान्सचं, नक्षी चहूकडची. पूर्व भागात एका कारखान्याची किनार चालली की महिन्याभरात शेजारच्या मागावर तिची बहीण दिसते, थोडे रंग बदलून, थोडा पसारा वाढवून. त्यानंच चादर सुधारत गेली. याला कुणी चोरी म्हणत नाही. चोरी कशाला म्हणतो आपण? बाहेर कुठंतरी काढलेला हलका माल "सोलापुरी" म्हणून विकला की. जीआय मानांकन आपण मिळवलं ते त्यासाठी.

मग गेममधली ती चोरी दाखवतो. क्रॅक केलेला माइनक्राफ्ट पेन ड्राइव्हवरून फिरतो, ही चोरी. माझ्या क्लासमध्ये तो चालत नाही, पोरांनी कितीही लाडीगोडी लावली तरी नाही. दुसरी चोरी उलट्या बाजूची आहे आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. माइनटेस्टचा कोड उचलायचा, वर भलतंच नाव लावायचं, दर मिनिटाला जाहिरात घालायची, ज्यांनी लिहिलं त्यांचं नाव गाळायचं, सोर्सही द्यायचा नाही आणि मोबाइलच्या स्टोअरवर टाकून पैसे काढायचे. लायसन्सनं विकायला मनाई नाही. नाव पुसायला आणि बदललेलं इंजिन झाकून ठेवायला मनाई आहे. आपल्या पोरांच्या मोबाइलमध्ये असली ॲप सर्रास आहेत. ती बघून लोक म्हणतात, हे मुक्त सोर्सवाले असलेच.

घेण्यात काळजी घेतली नाही तर काय होतं याचा एक धडा बकिटचा. माइनक्राफ्टचे सर्व्हर चालवायला जगभर क्राफ्टबकिट वापरायचे. त्यात मोजांगचा उलगडलेला बंद कोड आणि हौशी लोकांनी जीपीएल (वाटायचं तर सोर्सही खुला द्या, असं सांगणारं लायसन्स) याखाली लिहिलेला मुक्त कोड एकत्र कालवलेला होता. २०१२ मध्ये मोजांगनं त्यातले मुख्य लोक नोकरीवर घेतले. २०१४ च्या ऑगस्टमध्ये टीमनं प्रकल्प बंद करायचं ठरवलं तेव्हा मोजांग म्हणाली, थांबा, हा आमच्या मालकीचा आहे. सप्टेंबरमध्ये एका योगदान देणाऱ्यानं सरळ कॉपीराइटची नोटीस बजावली: माझा जीपीएल कोड यात आहे, मग बाकीचा कोड खुला करा, नाहीतर वाटणं थांबवा. वाटणं थांबलं. हजारो सर्व्हर अधांतरी. पुढं स्पिगॉट या दुसऱ्या सर्व्हर प्रकल्पानं वाट काढली ती अशी की तयार फाइल द्यायचीच नाही, ज्यानं-त्यानं आपल्या मशीनवर जोडून घ्यायची. मी त्या नोटीस देणाऱ्याच्या बाजूनं आहे. त्याला खूप शिव्या पडल्या, पण फुकट राबणाऱ्याच्या कोडलाही अटी असतात हे त्या दिवशी सगळ्यांना कळलं.

माझी पोरं हे सगळं पुस्तकातून नाही शिकत. उन्हाळ्याच्या बॅचमध्ये एकाला चादरीचा ठोकळा करायचा होता. त्याचे आजोबा चादरीच्या कारखान्यात ग्राफ पेपरवर नक्षी काढायचे, एकेक चौकट भरत, आणि त्यावरून कार्डांना भोकं पडायची. त्यानं त्यातलाच एक जुना कागद आणला, पिवळा पडलेला, घडीवर फाटलेला. लुआंटीतल्या ठोकळ्याचं चित्र साधारण १६ बाय १६ ठिपक्यांचं असतं. कागदावरची कोयरी तेवढ्यात बसेना. देठ वाचवावा तर पोट चपटं होतंय, पोट गोल करावं तर देठ जातोय. दोन तास पोरगं त्याच्यातच. शेवटी देठाचा एकच ठिपका ठेवला, लाल आणि काळ्याच्या मध्ये एक तपकिरी ठिपका घातला, आणि लांबून बघितलं तर कोयरी! मग लुआची फाइल: ठोकळ्याचं नाव, चित्राची फाइल, कशानं फुटतो, आणि फुटल्यावर काय पडतं. तिथं त्यानं लिहिलं, सूत. चादर फोडली की सुताच्या गुंड्या पडतात. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

पुढं तो मॉड कंटेंटडीबीवर टाकायचा विषय निघाला. तिथं कोडचं लायसन्स आणि चित्रांचं लायसन्स दोन्ही सांगावी लागतात. पोरगा अडला. "सर, असं देऊन टाकलं तर कोणपण घेईल की." त्याच्या शेजारची मुलगी म्हणाली, "घेऊ दे की बे. आजोबांचं नाव तर राहील." मग त्यालाच प्रश्न पडला, नक्षी आजोबांची का कारखान्याची? वर्ग गप्प. आपल्याकडं २००० चा डिझाइन कायदा आहे, नोंदवलेल्या नक्षीला जास्तीत जास्त १५ वर्षं संरक्षण मिळतं, आणि हा कागद त्याच्या वडिलांच्या लहानपणचा होता. तरी मी म्हटलं, घरी विचारून ये. तो विचारून आला. चित्राला "नाव घ्या आणि याच अटीवर पुढं द्या" असं क्रिएटिव्ह कॉमन्सचं लायसन्स लावलं आणि श्रेयाच्या ओळीत आजोबांचं नाव घातलं. दहावीला न पोचलेल्या पोरांनी घेणं, देणं आणि नाव राखणं या तिन्ही गोष्टींवर इतकी गंभीर चर्चा केली. हे बंद गेममध्ये झालं असतं का? खेळणं झालं असतं, बांधणं झालं असतं. हे नसतं झालं.

मोजांगकडं माझं एक मागणंही आहे. नॉचनं सुरुवातीच्या काळात लिहून ठेवलं होतं की विक्री उतरणीला लागली आणि पुरेसा काळ गेला की सोर्स खुला करेन. विक्री काही उतरली नाही आणि कंपनीही त्याची राहिली नाही, त्यामुळं शब्द मोडला असं मी म्हणणार नाही. पण निदान २००९-१० च्या सगळ्यात जुन्या आवृत्त्यांचा कोड खुला करा. धंद्याला त्यानं काय धक्का बसणार? डूम या जुन्या गेमचा सोर्स १९९७ मध्ये खुला झाला आणि आजही त्यावर नवं काम होतं. पहिल्या सिमसिटीचा कोड २००८ मध्ये मायक्रोपोलिस नावानं जीपीएलखाली आला, तोही मुलांच्या स्वस्त लॅपटॉपसाठी. ज्या गेमनं इन्फिनीमायनरकडून घेतलं त्याची पहिली पानं इन्फिनीमायनरसारखीच उघडी असावीत, एवढं माझं साधं मागणं आहे.

आणि आपल्या शाळांना. विकत घ्यायची ऐपत असेल तर माइनक्राफ्टची शैक्षणिक आवृत्ती जरूर घ्या, चांगली आहे, आणि तिची मुळंही फिनलंड आणि अमेरिकेतल्या शिक्षकांच्या पुढाकारानं झालेल्या मॉडमध्येच आहेत. पण लॅबमध्ये जुनी मशीन धूळ खात असतील, इंटरनेट असून नसल्यासारखं असेल, तर लुआंटी टाका. खातं काढावं लागत नाही, एका मशीनवर सर्व्हर चालू केला की लॅबमधली बाकीची मशीन वायरनं जोडून सगळा वर्ग एका जगात येतो. विंडोज असो की लिनक्स, चालतो. सुरुवातीला व्हॉक्सेलिब्रे उतरवा, मुलांना ओळखीचं वाटेल. महिन्याभरानं मॉडचं फोल्डर उघडून दाखवा.

शनिवारी दुपारनंतर क्लास रिकामा असतो. अशोक चौक, कन्ना चौक, अक्कलकोट रोड, या बाजूच्या कुठल्याही शाळेचे संगणक शिक्षक आले तर बसून सगळं लावून देईन. पेन ड्राइव्ह आणा, मेसेज करून या.